आग बदलली, भिंती त्याच

काही वर्षांपूर्वी ऐन जानेवारीत सरकारी कामासाठी सिमल्यास जाण्याचा प्रसंग मला आला. उतरण्याची व्यवस्था एका जुन्या बंगल्यात होती. बंगला इंग्रजी अमदानीतला. वर पत्र्याचे उतरते छप्पर, लाकडी चौकटीत दगडमाती भरून उभारलेल्या भिंती, ओळीने मोठाल्या खिडक्या, आणि दिवाणखान्याच्या भिंतीत बसविलेली भली थोरली आगटी. साहेबी भाषेत फायरप्लेस. चौकीदाराने तीत लाकडे रचून आग पेटविली आणि मी पुस्तक घेऊन तिच्यासमोर बसलो. पाच मिनिटांत चेहरा भाजू लागला, पाठ मात्र बर्फासारखी गार. खुर्ची पुढे ओढली, तर गुडघे पोळू लागले आणि पाठीला लागणारा वारा अधिकच बोचरा झाला. शेवटी मी चौकीदाराला आणखी लाकडे घालावयास सांगितले. तो वृद्ध गृहस्थ क्षणभर घुटमळला. त्याने लाकडे आणली नाहीत, एक जुने घोंगडे आणले, त्याची गुंडाळी करून दाराच्या फटीशी दाबून बसविली, खिडक्यांवरचे जाड पडदे ओढले आणि म्हणाला, “साहेब, आग वाढवाल तितका वारा वाढेल. आधी दार बुजवावे, मग लाकूड घालावे.”

थोड्या वेळाने खोली खरोखरच उबदार झाली. पुस्तक बाजूला राहिले आणि मी त्या वाक्याचाच विचार करीत बसलो. ती आगटी काही हिमालयातली नव्हे. १८६४ साली सिमला हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली आणि साहेबलोकांनी तेथे आपल्या मायदेशासारखी घरे उठविली, त्या घरांबरोबर ती आली. जेथून ती आली त्या ब्रिटनमध्ये आज एक मोठा प्रश्न उभा आहे. तो असा की, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बांधलेली, जागोजागी उष्णता गळणारी लक्षावधी घरे, हवेत कार्बन न ओकता उबदार कशी ठेवावयाची? या प्रश्नाचा इतिहास पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, चारशे वर्षे त्या देशाने आग बदलली. भिंतींकडे मात्र क्वचितच पाहिले. आजच्या भाषणात हीच कथा मी सांगणार आहे.

युरोपातील प्राचीन घरात आग मध्यभागी असे आणि धूर छपरातून वाट काढी. आपल्याकडील जुन्या स्वयंपाकघरातील काळवंडलेले वासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धुराडी सर्रास बांधली जाऊ लागली. १५७७ साली विल्यम हॅरिसन या पाद्र्याने आपल्या देशाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात तो सांगतो की, त्याच्या गावच्या वृद्धांना आपल्या हयातीत घडलेले जे मोठे बदल नवलाचे वाटत, त्यांत धुराड्यांची झालेली गर्दी हा एक होता. धुराड्याने धूर घराबाहेर गेला हे खरे. परंतु धुराबरोबर ऊबही गेली. उघड्या आगीचा स्वभावच असा आहे की, ती खोलीतील तापलेली हवा वर ओढून घेते आणि तिच्या जागी दारेखिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत शिरते. कोळशातील उष्णतेचा फार मोठा भाग अशा रीतीने आकाशाला अर्पण होतो. इंग्रजी खुर्चीच्या पाठीला कानांसारखे पंख का असतात आणि जुन्या पलंगांना चोहो बाजूंनी पडदे का असत, याचे उत्तर त्या वाऱ्यात आहे. घर गरम होत नसे. घरातील माणूस आपल्यापुरता आडोसा करून घेत असे.

लाकूड महागले तेव्हा इंग्लंड दगडी कोळशाकडे वळले. न्यूकॅसलकडून समुद्रमार्गे येणाऱ्या या कोळशाच्या धुराचा त्रास काही नवा नव्हता. १३०६ च्या सुमारासच पहिल्या एडवर्ड राजाने लंडनमध्ये तो जाळण्यास मनाई केली होती. ती मनाई अर्थातच कागदावर राहिली. १६६१ मध्ये जॉन एव्हलिनने लंडनच्या धुरावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहून राजाला अर्पण केली. राजाने तिचे कौतुक केले. पण पुढल्याच वर्षी, म्हणजे १६६२ मध्ये, त्याच्या पार्लमेंटने आगटीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. प्रत्येक आगटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. कर मोजणारे अधिकारी लोकांच्या घरात शिरून आगट्या मोजू लागले, आणि या घुसखोरीचा लोकांना इतका तिटकारा आला की, १६८९ मध्ये नव्या राजवटीने लोकप्रियतेसाठी जी पहिली कामे केली, त्यांत हा कर उठविणे हे एक होते. पैशाची गरज मात्र संपली नव्हती. १६९६ मध्ये खिडक्यांवर कर आला. तो १८५१ पर्यंत टिकला. तो चुकविण्यासाठी विटांनी बुजविलेल्या खिडक्या आजही जुन्या इंग्रजी घरांवर दिसतात. मी स्वतः प्रशासनातला माणूस असल्यामुळे या दोन करांची हकीकत मला फार बोलकी वाटते. सरकारने घरात पाऊल टाकले की घराचा आकार बदलतो. प्रश्न एवढाच की, ते पाऊल घेण्यासाठी पडते की देण्यासाठी.

शास्त्रज्ञांनी आगटी सुधारण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नव्हे. १७९६ मध्ये काउंट रम्फर्ड याने आगटीची खोली कमी करून तिच्या बाजू तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. त्यामुळे उष्णता खोलीकडे अधिक परतू लागली आणि धूर कमी झाला. लंडनच्या श्रीमंत घरांत या आगटीची लाट आली. परंतु रम्फर्डनेही बदलली ती आगच. घर जसेच्या तसे राहिले.

आणि याच सुमारास घरांची संख्या झपाट्याने वाढू लागली. कारखान्यांच्या शहरांत, विशेषतः व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत, एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. भिंत बहुधा नऊ इंच जाडीची, सलग विटांची, चुन्यात बांधलेली. जमीन लाकडी फळ्यांची व तिच्याखाली हवा खेळती. खिडक्या वरखाली सरकणाऱ्या, एका काचेच्या. मुख्य खोल्यांत एक-एक आगटी. आज आपण या घरांना गळकी म्हणतो; परंतु त्यांच्या बांधणीत एक मेळ होता, हे विसरता कामा नये. कोळशाच्या आगीला हवा लागे, ती फटींतून मिळे. चुन्यातील भिंत पावसाची ओल शोषून घेई आणि आतून-बाहेरून हळूहळू सोडून देई. आग आणि वारा मिळून घर कोरडे ठेवीत. अर्थात या मेळाची किंमत कोणीतरी मोजतच होते. खाणीतला मजूर मोजत होता. आणि धुराड्यांत चढून काजळी खरवडणारी लहान मुले मोजत होती. त्या मुलांना वर चढविण्याची चाल एकामागून एक कायदे होऊनही बंद पडली नाही. ती प्रत्यक्षात मोडली ती १८७५ च्या कायद्याने.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ही किंमत साऱ्या लंडनला मोजावी लागली. १९५२ च्या डिसेंबरात ५ तारखेला शहरावर थंड, निश्चल हवा बसली. लोकांनी आगट्यांत अधिक कोळसा घातला. चांगला कोळसा देशाला परकीय चलन मिळावे म्हणून निर्यात होत होता. घरगुती कोळशाचे नियंत्रण तेव्हाही चालू होते. त्याच महिन्यापासून नियंत्रणमुक्त झाला होता तो कचकडीचा, भुकटीमिश्रित, हलक्या प्रतीचा माल. लक्षावधी धुराड्यांचा आणि वीजकेंद्रांचा धूर धुक्यात मिसळून खाली अडकला. भर दिवसा माणसाला आपले पाय दिसेनात. एका नाट्यगृहात धुके आत शिरून प्रेक्षकांना रंगभूमी दिसेना, म्हणून चालू संगीतिका बंद करावी लागली. ९ तारखेला वारा सुटला आणि आकाश मोकळे झाले. मृतांची मोजदाद झाली तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे अधिक दगावल्याचे दिसून आले. पुढील महिन्यांतील मृत्यूही धरले तर हा आकडा १२,००० च्या घरात जातो, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. मेलेल्यांत वृद्ध, बालके आणि दम्याचे रोगी अधिक होते.

सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. या कायद्याची रचना आपण बारकाईने पाहण्यासारखी आहे. नगरपालिकांना धूरनियंत्रित विभाग जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. अशा विभागात धूर होणारा कोळसा जाळणे गुन्हा ठरले. परंतु कायदा येथेच थांबला नाही. जुनी आगटी बदलण्यासाठी जो वाजवी खर्च येईल त्याचा सात दशांश भाग घरमालकास परत मिळण्याची तरतूद झाली. मनाई आणि मदत एकाच हाताने दिली गेली. उघड्या आगीवर इंग्रजांचा किती जीव होता, हे ध्यानात घेतले तर या तरतुदीचे महत्त्व कळते. आपल्या बिहारातील मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलसारख्या लेखकाने १९४५ मध्ये उघड्या आगीची बाजू घेऊन खास लेख लिहिला होता. कुटुंबाला एकत्र आणणारी म्हणून ती त्याला प्रिय होती. अशी प्रिय वस्तू निव्वळ बंदीहुकमाने हलत नाही.

दुसरे मोठे स्थित्यंतर दहा वर्षांनी आले. १९६५ मध्ये उत्तर समुद्राच्या तळाशी नैसर्गिक वायू सापडला. तोपर्यंत ब्रिटनच्या शहरांत जळणारा गॅस कोळशापासून कारखान्यात बनत असे. नवा वायू त्याच्या सुमारे दुप्पट उष्णता देणारा होता. त्यामुळे जुन्या शेगड्यांची व बंबांची तोंडे त्याला चालत नव्हती. मग १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत गॅस मंडळांची माणसे गल्लोगल्ली, दारोदार फिरली आणि सुमारे ४ कोटी उपकरणे त्यांनी बदलून वा दुरुस्त करून दिली. ग्राहकाकडून त्यासाठी पैसे घेतले नाहीत. शांततेच्या काळात कोणत्याही सरकारी यंत्रणेने घराघरांत शिरून केलेले इतके मोठे काम मला तरी दुसरे ठाऊक नाही.

या वायूमुळे घराघरात बॉयलर आला. तापलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतील लोखंडी रेडिएटरांत फिरू लागले आणि इंग्रजी माणूस प्रथमच साऱ्या घरात उबेने वावरू लागला. १९७० च्या सुमारास हिवाळ्यात घरांतील सरासरी तापमान बारा-तेरा अंश सेल्सिअस असावे असा अंदाज आहे. पुढील चाळीस वर्षांत ते सतरा-अठरापर्यंत चढले. ही सुधारणा लहान नव्हे. पण पुन्हा तेच घडले. आग बदलली, भिंती त्याच राहिल्या. आगटी फळी ठोकून बंद केली गेली. तिच्यामुळे खेळणारी हवा थांबली. आणि जी भिंत आगीने कोरडी राहत असे, ती आता कोपऱ्याकोपऱ्यांत ओल आणि बुरशी धरू लागली. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारला जाग आली आणि १९७८ च्या कायद्याने माळ्यावर उष्णतारोधक थर घालण्यास अनुदान मिळू लागले. तो उपक्रम चांगला होता. पण वायू स्वस्त होता तोवर भिंतीचा प्रश्न कोणी नेटाने हाती घेतला नाही.

ब्रिटनमधील दर पाच घरांपैकी चार घरे आजही वायूवर तापतात. एका सर्वसाधारण घरातून त्यापायी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डाय ऑक्साइड हवेत जातो. इंग्लंडमधील सुमारे एक पंचमांश घरे १९१९ पूर्वीची आहेत. २०१९ मध्ये ब्रिटनने २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे कायद्याने ठरविले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्या देशातील कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले. वीज स्वच्छ होत चालली. आता घर राहिले आहे.

मग पर्याय कोणते? गंमत अशी की, त्यांतील सर्वांत आशादायक पर्याय नवा नाहीच. थंड हवेतील उष्णता उपसून ती खोलीत आणता येईल, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडले होते. आपल्या खोलीतील एअर-कंडिशनर आतील उष्णता ओढून बाहेर टाकतो. तेच यंत्र उलटे फिरविले म्हणजे बाहेरची उष्णता आत येते. याला हीट पंप म्हणतात. तो उष्णता निर्माण करीत नाही, केवळ वाहून आणतो; म्हणून एक युनिट विजेवर तो सुमारे तीन युनिट ऊब देऊ शकतो. १९३८ मध्ये झुरिकच्या सतराव्या शतकातील नगरगृहाला नदीच्या पाण्यातून उष्णता उपसून ऊब पुरविण्यात आली. म्हणजे जुन्या इमारतीला हे यंत्र चालत नाही, ही शंका त्याच वेळी फिटावयास हवी होती. १९४५ मध्ये जॉन समनर यांनी नॉर्विच येथे असे यंत्र उभारले. १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी थेम्स नदीतून उष्णता घेण्याचा प्रयोग झाला. परंतु कोळसा आणि पुढे वायू मुबलक असलेल्या देशाला त्याची निकड वाटली नाही. ती वाटली ती नॉर्वे आणि स्वीडनला, आणि आज कडाक्याच्या थंडीच्या त्या देशांत ही यंत्रे घरोघरी दिसतात.

तथापि जुन्या घराला हे यंत्र बसविताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वायूचा बॉयलर सत्तर-ऐंशी अंशांचे पाणी फिरवितो. हीट पंप पस्तीस ते पन्नास अंशांच्या पाण्यावर उत्तम चालतो. पाणी कोमट म्हणून रेडिएटर मोठे हवेत आणि घराची गळती कमी हवी. म्हणून जाणते लोक जो क्रम सांगतात, तो माझ्या सिमल्याच्या चौकीदाराच्या क्रमाहून फारसा निराळा नाही. प्रथम फटी: दारे, खिडक्या, लाकडी जमिनीच्या सांधी आणि वापरात नसलेले धुराडे. यास पैसा थोडा लागतो आणि गुण तत्काळ येतो. त्यानंतर माळा, कारण रोधन नसलेल्या घराची सुमारे पाव उष्णता छपरातून निसटते. त्यानंतर खिडक्या. ऐतिहासिक खिडकी उपटून टाकण्याची गरज नाही. आतून दुसरे तावदान, लाकडी झडपा, जाड पडदे यांनीही बरेच काम होते.

शेवटी भिंत. आणि येथेच विवेक लागतो. सुमारे एक तृतीयांश उष्णता भिंतींतून जाते, म्हणून सरसकट कोणत्याही आवरणाने त्या झाकून टाकाव्या, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण चुन्यातील सलग भिंतीला श्वास लागतो. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ओल अडविणारा थर चढविला, तर पाणी आत कोंडते, वीट भुसभुशीत होते, तुळयांची टोके कुजतात. अशी घाईची, निकृष्ट कामे ब्रिटनमध्ये झाली आहेत आणि बुरशीने भरलेल्या खोल्यांत राहण्याची पाळी बहुधा गरिबांवरच आली आहे. म्हणून जुन्या भिंतीला लाकडाच्या तंतूंच्या फळ्या, चुन्याचा गिलावा अशी ओल सोडणारी द्रव्येच मानवतात. आणि फटी बुजविल्यावर स्वयंपाकघर व न्हाणीघर यांतील दमट हवा बाहेर नेण्याची स्वतंत्र सोय करावीच लागते.

पण भिंत पूर्ण होईपर्यंत यंत्र थांबवावे काय? तसेही नाही. २०२० ते २०२३ या काळात ब्रिटिश सरकारने ७४२ घरांत हीट पंप बसवून पाहिले. त्यांत जुनी घरेही होती. घराचा अमुक एक प्रकार या यंत्राला अपात्र आहे, असे या प्रयोगात दिसून आले नाही. भिंतीची वाट पाहत यंत्र अडवू नये आणि यंत्राच्या भरवशावर भिंत विसरू नये, असा याचा इत्यर्थ आहे.

इतर पर्यायांचा उल्लेख थोडक्यात करतो. साधा विजेचा हीटर स्वस्तात बसतो. पण तो एका युनिटाला एकच युनिट ऊब देतो, आणि ब्रिटनमध्ये वीज वायूच्या जवळजवळ चौपट महाग असते. लाकडाची शेगडी रानातील एकाकी घराला ठीक. शहरात तिचा बारीक धूर १९५२ ची आठवण करून देतो. वायूच्या जुन्या नळांतून हायड्रोजन सोडण्याची कल्पना होती. तिच्यासाठी योजिलेले वस्तीतील मोठे प्रयोग २०२३ मध्ये सोडून देण्यात आले. मात्र एक पर्याय लक्षात ठेवण्याजोगा आहे, तो सामाईक उबेचा. डेन्मार्कने १९७९ मध्ये कायदा करून नगरपालिकांना उष्णतेचे नियोजन करावयास लावले, आणि आज तेथील सुमारे दोन तृतीयांश घरांना नळाने पाणी यावे तशी नळाने ऊब येते. एका घराला जे झेपत नाही, ते साऱ्या आळीला झेपते. भिंतीला भिंत लागून असलेल्या जुन्या रांगांना हे विशेष लागू पडते.

आता या कथेचा माझ्या मते सर्वांत गंभीर भाग. जुन्या गळक्या घरांत राहतो कोण? पुष्कळदा वृद्ध पेन्शनर, भाडेकरू, नुकतीच आलेली परदेशी कुटुंबे. आपली मराठी मुले शिक्षण-नोकरीनिमित्त इंग्लंडात जातात, तीही अनेकदा अशाच एखाद्या रांगेतील घरात प्रथम बिऱ्हाड थाटतात. घर पुरेसे उबदार ठेवण्यास उत्पन्नाच्या दशांशाहून अधिक खर्च करावा लागला, तर ते कुटुंब इंधनाच्या दृष्टीने दरिद्री समजावे, ही व्याख्या ब्रेंडा बोर्डमन यांच्या १९९१ मधील ग्रंथाने रूढ केली. या दारिद्र्यात तीन गोष्टी एकत्र येतात: थोडी मिळकत, महाग इंधन आणि वाईट घर. पहिल्या दोन गोष्टी बाजारावर अवलंबून. तिसरी सुधारली तर ती कायमची सुधारते.

आणि येथे इतिहासाचा धडा स्पष्ट आहे. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने घरसुधारणेसाठी कर्जाची एक योजना काढली. कर्जाचे हप्ते वीजबिलातून वळते व्हावयाचे होते. अपेक्षा लक्षावधी घरांची होती, पदरात पडली काही हजार घरे, आणि अडीच वर्षांत ती योजना गुंडाळावी लागली. याउलट १९५६ मध्ये सरकारने खर्चाचा मोठा वाटा उचलला, १९६७ मध्ये माणसे दारापर्यंत पाठविली, आणि दोन्ही वेळा देश बदलला. २०२३ मध्ये हीट पंपासाठीचे अनुदान ७,५०० पौंड करण्यात आले, ही योग्य दिशा आहे. परंतु अर्ज मागविणे आणि दारावर जाणे यांत महदंतर असते. मी अनेक वर्षे अनुदानांच्या फायली हाताळल्या आहेत. माझा अनुभव असा की, ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज असते, त्याला अर्ज भरण्याची सवड सर्वांत कमी असते. आगटीवर कर घेण्यासाठी १६६२ मध्ये राजाचे अधिकारी घरोघर पोचू शकले. तर ऊब देण्यासाठी का पोचू नयेत?

आपण म्हणाल, ही सातासमुद्रांपलीकडची थंडी. आपल्याला तिचे काय? काश्मीर, लडाख, हिमाचल, कुमाऊँ येथे राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना हे विचारावे लागणार नाही. काश्मिरी घरातील हमाम, म्हणजे खाली आग घालून दगडी जमीन तापविलेली खोली, आणि लडाखमध्ये दक्षिणेकडे काच लावून दिवसाचे ऊन रात्रीसाठी साठविणारी भिंत, ही या प्रश्नाचीच उत्तरे आहेत. पण उरलेल्या भारतापुढेही हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. आपल्या शहरांत उन्हाळ्याने तापणारी काँक्रीटची छपरे आणि काचेच्या भिंती आपण उभ्या करीत आहोत आणि त्यांवर एअर-कंडिशनर लटकवीत आहोत. जुन्या वाड्याची जाड पांढरी मातीची भिंत, चौक आणि पडवी यांनी जे काम केले, ते आपण विजेवर सोपविले आहे. यंत्र तेच, दिशा तेवढी निराळी. आणि चूकही तीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमला सोडताना मी चौकीदाराला विचारले, “ही युक्ती तुम्हाला कोणी शिकविली?” तो हसून म्हणाला, “शिकवायचे काय, साहेब? लाकूड मलाच पाठीवर वाहून आणावे लागते.” ज्याच्या पाठीवर ओझे असते, त्याला दाराची फट आधी दिसते.